गॅम्बिटला उत्तर काय? देशी पटावरील बचावाचा इतिहास

१/
प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्याच खेळीत एक प्यादे फुकट देऊ केले, तर ते घ्यावे की नाकारावे? बुद्धिबळाच्या पटावर हा प्रश्न किमान साडेचारशे वर्षे विचारला जात आहे. त्याला भारतातून गेलेले एक उत्तर आजही जगभरच्या पुस्तकांत 'इंडियन डिफेन्स' या नावाने छापले जाते. ते उत्तर कोणी दिले, का दिले, आणि त्यामागे खरोखर 'भारतीय स्वभाव' होता का, याचा हा धांडोळा. थ्रेड दीर्घ आहे, मित्रहो, सावकाश वाचावा.

२/
प्रथम शब्दाकडे पाहू. 'गॅम्बिट' हा शब्द इटालियन 'गाम्बेत्तो'पासून आला. मूळ अर्थ कुस्तीतला: प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय अडकवून त्याला पाडणे. आपल्या आखाड्यांत ज्याला 'टांग मारणे' म्हणतात, तेच. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ च्या आपल्या ग्रंथात हा शब्द बुद्धिबळात रुजवला. प्यादे द्यायचे आणि बदल्यात वेळ, मोकळ्या वाटा व हल्ल्याची सूत्रे हाती घ्यायची, हा त्यामागचा सौदा.

३/
या कुळातला सर्वांत आक्रमक म्हणजे राजाचा गॅम्बिट. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे सारतो, काळाही तसेच करतो. लगेच पांढरा राजाच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे नेऊन काळ्याच्या तोंडाशी ठेवतो. घेतले तर पटाच्या मध्यावरील काळ्याचा पहारा हटतो आणि पांढऱ्याच्या हत्तीसाठी पुढे वाट मोकळी होऊ लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात अशा बळींच्या डावांना विशेष मान होता. आमिष नाकारणे पुष्कळांना भित्रेपणाचे वाटे.

४/
आता देशी पटाकडे येऊ. घरे चौसष्टच, मोहरेही तेच. पण नियमांत काही मोलाचे भेद होते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. आजचे कॅसलिंग नव्हते. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे. प्याद्याने केलेली मात, म्हणजे 'प्यादेमात', विशेष प्रतिष्ठेची मानली जाई. गावोगावी यांत लहानमोठे फरक होते. एकच लिखित नियमावली सर्वत्र चालत नसे.

५/
'प्यादे एकच घर' हा नियम किरकोळ वाटेल. पण हिशेब करून पाहा. युरोपीय नियमांत पांढरा दुसऱ्या खेळीत राजाचा गॅम्बिट मांडू शकतो. देशी नियमांत राजापुढच्या प्याद्याला दोन खेळ्या आणि उंटापुढच्या प्याद्याला दोन खेळ्या लागतात. म्हणजे तोच प्रसंग चौथ्या खेळीला येतो. तोपर्यंत काळ्याच्या तीन खेळ्या झालेल्या असतात. दोन आपले प्यादे समोर आणण्यात गेल्या, तरी एक खेळी त्याच्या हाती मोकळी उरते. अचानक टांग मारण्यातले अचानकपणच संपते.

६/
दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काळ्याने राजापुढचे प्यादे मध्यावर आणलेच नाही, ते एकच घर सरकवले किंवा जागीच ठेवले, तर पांढऱ्याने पुढे केलेल्या उंटापुढच्या प्याद्याला घेणारे समोर कोणी नसते. आमिष आहे, पण गळाजवळ मासाच नाही. 'घ्यावे की नाकारावे' हा प्रश्नच मग उपस्थित होत नाही. बचावाची निवड अशी गॅम्बिट येण्याच्या एक खेळी आधीच झालेली असते.

७/
तिसरी गोष्ट राजाच्या घराची. राजाच्या बाजूचे, घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे सारले की त्याने सोडलेले घर रिकामे होते. देशी नियमांत राजाची एकमेव घोडउडी नेमकी तिथे पोहोचते. तेच घर उंटाला दिले, तर पटाची सर्वांत लांब तिरपी रेषा त्याच्या ताब्यात येते. म्हणजे ही एक लहानशी खेळी राजाला आसरा आणि उंटाला बुरूज, दोहोंपैकी हवे ते मिळवून देते. अशा नियमांवर वाढलेल्या खेळाडूचा हात त्या प्याद्याकडे सवयीने गेला, तर नवल नाही.

८/
या देशी खेळाच्या लेखी परंपरेत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' हा बारा 'मयूखां'चा विशाल ग्रंथ रचला. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. त्यातील 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधारग्रंथ ठरला, हे कायद्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूखा'त राजनीतीच्या ओघात बुद्धिबळाच्या मांडणीचे व खेळाचे वर्णन आले आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

९/
पुढचा टप्पा पेशवाईच्या अखेरीचा. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. १८१४ साली, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या चार वर्षे आधी, त्याचे इंग्रजी रूप मुंबईत छापले गेले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच नमूद आहे की हा मजकूर युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतला आहे. ग्रंथाचा भर आरंभीच्या चालींवर नाही. मोहऱ्यांच्या निवडक, निर्णायक स्थितींवर आहे.

१०/
शीर्षकातील ते 'जुळवून घेणे' इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. राज्य अजून पुरते गेलेले नव्हते, पण पटावरचे नियम बदलू लागले होते. ज्या खेळाडूने लहानपणापासून एका नियमावलीत हात बसवला, त्याने दुसरीत खेळायचे तर नवे काय शिकावे आणि जुने काय राखावे? पुढच्या पन्नास वर्षांत या प्रश्नाला दोन भारतीयांनी दोन अगदी भिन्न उत्तरे दिली.

११/
पहिले उत्तर मद्रासचे. १८२९ साली मद्रासेत एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा विषय मुझिओ गॅम्बिटचे विश्लेषण. लेखक गुलाम कासिम आणि कंपनी सरकारच्या मुलकी सेवेतील जेम्स कॉक्रन. मुझिओ म्हणजे राजाच्या गॅम्बिटचीही पुढची पायरी: प्यादे दिलेच आहे, आता घोडाही देऊन टाका. याच पुस्तकात मद्रास आणि हैदराबाद यांच्यात झालेल्या दोन डावांच्या सामन्याची नोंद आहे. त्या वेळचा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, हे सहज जाता जाता.

१२/
काळ्याचे प्यादे पांढऱ्याच्या घोड्यावर चालून आले असता घोडा वाचवायचा नाही, त्याऐवजी वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकायचे, या धाडसी चालीला आज 'गुलाम कासिम गॅम्बिट' म्हणतात. म्हणजे युरोपात बळींच्या डावांचा बहर असताना, त्यातील एका अत्यंत हिंसक शाखेचा बारकाईने अभ्यास एक भारतीय खेळाडू मद्रासेत बसून करत होता. 'भारतीय खेळाडू मुळातच संथ व बचावात्मक' या समजाला हा पहिला धक्का.

१३/
दुसरे उत्तर कलकत्त्याचे. नायक महेशचंद्र बंदोपाध्याय. इंग्रजी नोंदींत 'मोहेशचंदर बॅनर्जी'. कलकत्त्याबाहेरच्या मुलखातला हा खेळाडू देशी खेळात अजिंक्य मानला जाई. १८४८ च्या सुमारास त्याची गाठ जॉन कॉक्रनशी पडली. हा मद्रासच्या कॉक्रनहून वेगळा गृहस्थ: कलकत्त्यात वकिली करणारा, १८२२ साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिलेला, युरोपच्या नामांकित खेळाडूंशी दोन हात केलेला आणि हल्ल्याच्या खेळाचा कट्टर भोक्ता.

१४/
दोघे पुढे वर्षानुवर्षे शेकडो डाव खेळले. एकंदर हिशेबात कॉक्रन वरचढ राहिला. हे डाव आपल्यापर्यंत आले ते त्याने टिपून लंडनला पाठवले आणि तिथल्या नियतकालिकांनी छापले म्हणून. साधनाची ही बाजू विसरू नये: महेशचंद्रांचा खेळ आपण पाहतो, तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या वहीतून. तरीही त्या वहीत जे दिसते, ते पुरेसे बोलके आहे.

१५/
१८४८ चा एक डाव घ्या. कॉक्रनने राजापुढचे प्यादे दोन घरे नेले; महेशचंद्रांनीही नेले. कॉक्रनने घोडा काढून त्या प्याद्यावर रोख धरला. प्याद्याची राखण करत बसण्याऐवजी महेशचंद्रांनी आपलाही घोडा काढून समोरच्या प्याद्यावर उलटा रोख धरला. हा आजचा पेत्रोव्ह किंवा रशियन बचाव; आजही तो अत्यंत चिवट मानला जातो. हल्लेखोराला हवी असलेली धुमश्चक्री तो होऊच देत नाही.

१६/
यावर कॉक्रनने काय केले? प्यादे घेतलेला घोडा काळ्याच्या प्याद्याने हुसकावताच माघारी न नेता त्याने राजाशेजारचे दुसरे प्यादे मारण्यात खर्ची घातला. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी आणि उघड्यावर आलेला राजा, असा हा व्यवहार. आज ही चाल 'कॉक्रन गॅम्बिट' म्हणून ओळखली जाते. येथे क्रम उलटा आहे, तो पाहावा. आपण समजतो की गॅम्बिट आधी येतो आणि त्यावर बचाव शोधला जातो. या डावात बचाव आधी आला. तो फोडण्यासाठी गॅम्बिट जन्मला.

१७/
१८५५ च्या मे महिन्यातला दुसरा डाव अधिक प्रसिद्ध आहे. कॉक्रनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे नेले. महेशचंद्रांनी घोडा काढला, घोड्यापुढचे प्यादे एक घर सारले, मग वजिरापुढचे प्यादे दोन घरे नेऊन मध्यावर टक्कर दिली आणि उंट त्या कोपऱ्यातील बुरुजावर बसवला. पाहा: एक घरची देशी सवय आणि दोन घरांची नवी मुभा, दोन्ही एकाच डावात, शेजारी शेजारी. मध्य प्रतिस्पर्ध्याला व्यापू द्यायचा आणि मग दुरून त्यावर मारा करायचा, ही त्यामागची कल्पना.

१८/
हीच मांडणी ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्र्युनफेल्डने १९२२ मध्ये मोठ्या स्पर्धांत खेळून दाखवली आणि ती 'ग्र्युनफेल्ड डिफेन्स' झाली. दोहोंत ६७ वर्षांचे अंतर. १९२० च्या दशकात निम्झोविच, रेटी प्रभृती नव्या विचारांच्या खेळाडूंनी 'मध्य प्याद्यांनी भरलाच पाहिजे' हा जुना दंडक मोडला. तेव्हा या साऱ्या बचावांच्या कुळाला 'इंडियन' हे विशेषण कायमचे चिकटले. देशाचे नाव राहिले. माणसाचे नाव तज्ज्ञांपुरते उरले.

१९/
आता अभिमानाच्या भरात गाळला जाणारा भाग. १८५५ चा तो डाव महेशचंद्र हरले, आणि तेही फार देखण्या रीतीने! कॉक्रनचा घोडा राजाच्या अंगणात घुसला. महेशचंद्रांनी धोका न ओळखता घोड्याने वजिरावर रोख धरला. तेथून पुढे दुहेरी शह, वजिराचा बळी आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याची मात, हे अटळ झाले. बचावाची मांडणी चांगली असणे आणि डाव वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरीही पुढच्या पिढ्यांनी उचलली ती हरलेल्या बाजूची मांडणी.

२०/
येथे खरा ऐतिहासिक प्रश्न येतो. 'इंडियन डिफेन्स' या नावाचे स्पष्टीकरण पुष्कळदा असे दिले जाते: भारतीय मन शांत, सोशिक, म्हणून त्यांचा खेळही संथ. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर हा मोह अधिकच. सेवाग्राम आणि पवनार शेजारी असताना त्या एक घर सरकणाऱ्या प्याद्यात अहिंसा पाहावी, असे कोणालाही वाटेल. वाक्य सुंदर होते. इतिहास मात्र बिघडतो.

२१/
कारणे तीन. एक, गुलाम कासिम: त्याच देशात, त्याच काळात, घोडे उधळून देणारा विश्लेषक. दोन, स्वतः महेशचंद्र: १८४८ मध्ये ते प्यादे दोन घरे नेतात, १८५५ मध्ये वेगळी वाट धरतात. हा स्वभाव नव्हे. ही निवड आहे. तीन, नियम: एका घराची सवय मनातून आलेली नसून नियमावलीतून आलेली आहे. आणि वर्ध्यापुरते बोलायचे, तर १४ जुलै १९४२ रोजी येथेच काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. त्याला 'सोशिक बचाव' कोण म्हणेल?

२२/
विसाव्या शतकातही याची प्रचिती येते. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला आणि नंतर युरोपीय नियम शिकला. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने जिंकली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कॅपाब्लांकालाही हरवले. पाठ केलेल्या आरंभीच्या चालींत तो कच्चा मानला जाई. डाव मध्यावर आला की भल्याभल्यांना जड जाई. उशिरा भिडणाऱ्या देशी खेळात मुरलेल्या खेळाडूकडून हेच अपेक्षित नाही का?

२३/
महाराष्ट्रात नव्या नियमांची शाळा उभी राहिली ती सांगलीत. १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले आणि पिढ्या घडवल्या. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. १९७४ च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर विजयी झाल्या. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनी पुढची दालने उघडली. विदर्भाची पाळी जरा उशिरा आली, पण आली ती जोमाने: रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या देशमुख हे तिघेही ग्रँडमास्टर नागपूरचे.

२४/
जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांच्यात झाला. पहिल्याच डावात दिव्याने वजिराचा गॅम्बिट मांडला. हम्पीने देऊ केलेले प्यादे स्वीकारले. हा गॅम्बिट राजाच्या गॅम्बिटाइतका रक्तपिपासू नाही. घेणारा सहसा ते प्यादे धरून बसत नाही. यथावकाश परत देतो आणि तेवढ्या वेळात आपले मोहरे बाहेर काढतो. स्वीकारणे हाही असा एक बचावच असतो. तो डाव बरोबरीत सुटला.

२५/
सामना जलद डावांपर्यंत गेला. २८ जुलै रोजी दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने विजय मिळवला. १९ व्या वर्षी विश्वचषक आणि त्यासोबतच ग्रँडमास्टर किताब तिच्या पदरी पडला. पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय, हल्ला करणारीही भारतीय आणि आमिष स्वीकारणारीही! दीडशे वर्षांपूर्वी 'भारतीय खेळ' म्हणून जी एकच चौकट आखली गेली, तिच्यात या दोघींपैकी कोणाला बसवणार?

२६/
तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. आक्रमक गॅम्बिटपुढे तीन मार्ग असतात. आमिष घ्यावे आणि योग्य वेळी परत देण्याची तयारी ठेवावी. आमिषाकडे दुर्लक्ष करून मध्यावर उलट टोला द्यावा. किंवा आरंभापासून अशी मांडणी करावी की आमिषाला घेणारेच समोर नसावे. महेशचंद्रांनी १८५५ मध्ये धरलेली वाट तिसऱ्या मार्गाच्या जवळची. तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत खेळणाऱ्या मित्रांनी एवढे पाहावे: समोरचा ज्या जागी सर्वाधिक तयारी करून आला आहे, तिथेच त्याला भेटण्याची सक्ती आपल्यावर नाही. आणि मांडणी जमली म्हणून शेवटपर्यंत डोळे मिटू नयेत.

२७/
शेवटी एक विनंती. देशी नियमांचा खेळ झपाट्याने विस्मरणात जात आहे. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सेलू, कारंजा, आष्टी, समुद्रपूर, जिथे तुमचे घर असेल तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारा. प्यादे एक घर जाई की दोन? राजाला घोडउडी होती का? शह बसल्यावर ती बाद होई का? शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे कोणता मोहरा होई? एकटा राजा उरला, तर डाव कोणाचा?

२८/
उत्तरे वहीत उतरवा: गावाचे नाव, सांगणाऱ्याचे वय, कोणाकडून शिकले, साधारण कोणते साल. सांगणाऱ्याची संमती घ्या. पट समोर मांडून चाली करून दाखवायला सांगा, कारण बोलण्यात जे निसटते ते हाताला आठवते. महेशचंद्रांचे डाव कॉक्रनच्या वहीमुळे टिकले. आपल्या आजोबांचे नियम टिकायचे, तर वही आपल्यालाच उघडावी लागेल. तुमच्या गावचा नियम इथे उत्तरात अवश्य लिहा. पुढील थ्रेड त्या नोंदींवर करू.